अर्धं पाकीट

डोकं हातात आलं की मला कळतं.
छत्तीस वर्षं झाली, मिलवॉकीच्या उत्तरेला,
बंद पडलेल्या बेकरीला लागून माझं दुकान.
पाटीवरचं शेवटचं अक्षर मागच्या हिवाळ्यात पडलं, ते तसंच.
बोटं भांगात घालायची आणि गप्प बसायचं.
कोण उपाशी आहे, कोणाला दिवस गेलेत,
कोणाच्या डोळ्याला डोळा नाही,
टाळू सांगते.

ट्रेनीस बुधवारी आली, झुरीला घेऊन.
बारीक वेण्या, कमरेपर्यंत. सहा तासांचं काम.
पोरीनं कोपऱ्यातली खुर्ची धरली,
मक्याच्या कुरकुऱ्यांची पिशवी फोडली.

डाव्या कानामागे माझी बोटं थांबली.
नाण्याएवढी जागा, गुळगुळीत,
भोवतीची मुळं अजून गरम.
आपोआप गळतात केस, तेव्हा टाळू गार असते.

लग्नात मी होते. छातीवर हात ठेवून
तो तिच्या आईला म्हणाला होता,
हिच्या केसालाही धक्का लागू देणार नाही.
धक्का नाहीच लावला.
मुठीत धरून ओढलं.

आरशाखाली तिचा फोन पालथा पडून वाजत होता.
थांबला. वाजला. थांबला. वाजला.
मी रिकाम्या खुर्चीवरचा जुना ड्रायर सुरू केला, मोठ्यावर.
त्याच्या घरघरीत बायका बोलतात,
म्हणून तर तो अजून बदलला नाही.

"बरगडी दाखवून आले," ती आरशातल्या मला म्हणाली,
"पोरगा होता डॉक्टर, चांगला होता, दिवा धरून बघितलं त्यानं.
म्हणाला, काळंनिळं काही दिसत नाही."

काय दिसणार, बाई.
तो ज्या पुस्तकातून शिकला त्यातली सगळी कातडी दुधाची.
आमचं काळंनिळं आमच्याच काळ्यात बुडतं
आणि कागदावर उमटतं : खूण नाही.

पोलिसांचं मी विचारलं नाही.
वरच्या मजल्यावरच्या लुएलानं बोलावले होते एकदा.
आले. तिचा आवाज चढलेला होता, नवऱ्याचा नव्हता.
बेड्या तिला पडल्या.

मारिसोल किन्योनेस, नर्स, मंगळवारी येते
रक्तदाब तपासायला, केस धुण्याच्या बेसिनमागे, पडदा ओढून.
ती दिवा धरत नाही. ताप बघावा तसा
हाताचा पाठचा भाग लावते, ऊब कुठे साचलीय ते शोधते.
मग लिहिते. तारीख घालते. सही करते.
बुधवार होता, तरी मी तिला फोन केला.
वीस मिनिटांत आली, खांद्यावर बर्फ घेऊन, मागच्या दारानं.

अर्धं डोकं झालं होतं
तेव्हा रस्त्यावर हॉर्न वाजला. लांब.
झुरीचं चावणं थांबलं.

कंगवा हातात घेऊनच मी दार उघडलं.
"अजून तीन तास आहेत. जेवून ये."
"बरं, मिस व्हर्नेल," तो म्हणाला आणि हसला.
गोड हसतो. हेही सांगायला हवं.

मागे मारिसोलची गाडी, काचेवरचा बर्फ खरवडलेला.
ट्रेनीस उठली : डावीकडे वेण्या, उजवीकडे नुसतं रान.
माझा स्कार्फ मी घट्ट बांधून दिला.
पर्स उघडायला लागली.
म्हटलं, अर्ध्या डोक्याचे पैसे घेत नाही मी.

तीन तासांनी त्यानं आरसा फोडला.
एकच. दोन होते.

केसांचं अर्धं पाकीट उरलं.
खणात ठेवलं, कात्र्यांच्या खाली.
फेब्रुवारी गेला, तळ्यावरचा बर्फ गेला,
नवा आरसा घेतला, तो चेहरे जरा रुंद दाखवतो,
बायका कुरकुरतात.

मे महिन्यात एक फोन. अनोळखी नंबर.
कोणी बोलेना.
पण मागे कुठेतरी, कुठल्यातरी शहरात,
कोणीतरी तोंड उघडं ठेवून
कुरुम कुरुम काहीतरी खात होतं.

"पाकीट ठेवलंय," मी म्हटलं,
आणि हात लांब करून
ड्रायर बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.