चारशे वॅट

दौलतगंजात, किशनचंदच्या दुकानात
पाऊण तास उभे आहोत.
समोर चाळीस हीटर, आणि आमचं दोघांचं मिळून
वय एकशे एकोणतीस.

गाडी बाहेर, अर्धी नालीवर.
नर्सिंग होमच्या लिलावातली ॲम्ब्युलन्स.
स्ट्रेचर होतं तिथं आता पलंग,
सलाइनच्या हुकाला पूर्णानंदांची कानटोपी.
लाल अक्षरांवर दोन हात पांढरा दिला,
तरी उन्हात ती वर येतातच.
रस्त्यात लोक अजून बाजूला होतात
आणि आम्ही ओशाळून हात हलवतो,
काही नाही हो, काही नाही,
फिरायला निघालोय.

लग्नाला सात महिने झाले.
त्यांचं दुसरं. माझंही.
थंडी मात्र पहिलीच.

किशनचंद कांडीचा हीटर लावून दाखवतो.
क्षणात लालबुंद.
"ये ले जाओ बहनजी, ग्वालियर की ठंड इसी से डरती है."
मला नको.
तो समोरचं तेवढं भाजतो, पाठ गारच राहते.
तसल्या उबेत मी एकतीस वर्षं काढली.
हे बोलत नाही. म्हणते, रजई पेटेल.
तेही खरंच. आत सगळं प्लायवुड आणि फोम.

पंख्याचा लावला. घर्रर्र.
पूर्णानंद हळूच म्हणाले, हा बंद करा.
कुमुदच्या खोलीत असाच चालू असायचा, शेवटी शेवटी.
मग गजकच्या पुडीची दोरी त्यांनी सोडली,
एकही तुकडा न घेता परत बांधली.

तेलाचा मला आवडला.
अकरा पाती, खाली चाकं,
बसलेल्या म्हशीसारखा निवांत.
तापतो उशिरा, निवतोही उशिरा.
त्यांनाही आवडला, कारण हात ठेवून
ते बराच वेळ तसेच उभे राहिले,
तो तर अजून लावलाही नव्हता.

पण खिशातून कागद निघाला.
वीज मंडळात चौतीस वर्षं,
माणूस कागदाशिवाय बोलत नाही.
बॅटरी बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर: अठराशे.
त्यातले निम्मेच आपले,
निम्मे शिल्लक ठेवायचे, नाहीतर बॅटरी मरते.
हा खातो दोन हजार.
सत्तावीस मिनिटं.
तेवढ्यात तर याला घामही फुटणार नाही.

खालच्या फळीवर, धुळीत, टिफिनएवढा एक.
चारशे वॅट. उलटा पडला तर आपोआप बंद.
"ये तो टेबल के नीचे पैर सेंकने का है," किशनचंद
काहीसा दुखावूनच म्हणाला.
सव्वादोन तास, पूर्णानंद म्हणाले. झोप लागेपर्यंत.
आणि पहाटे?
पहाटे आपण.
किशनचंदनं बिल फाडलं, मान वर न करता.

तिघऱ्याच्या धरणावर पहिली रात्र.
काच बोटभर उघडी, तरी छतातून
आमचाच श्वास थेंब थेंब परत येतो.
एक तास चाळीस मिनिटांनी हीटर विझला.
मी घड्याळ पाहिलं.
कागद चुकला होता.
काळोखात ते म्हणाले, वायरीत कुठंतरी जातंय.
जाऊ दे, म्हटलं, आणि पाय शोधले.
त्यांचे माझ्यापेक्षा गार निघाले,
याचा मला उगाचच आनंद झाला.

उजाडता उजाडता दारावर थाप.
धुक्यात चौकीदार, हातात काठी, डोळ्यांत काळजी:
"मरीज कौन है?"
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
त्यानं आत डोकावून टिफिनएवढा हीटर पाहिला
आणि काही न बोलता
काटक्या गोळा करायला गेला.

रजई पांघरूनच उतरलो.
पूर्णानंदांनी जाळावर हात धरले.
मी वळून उभी राहिले,
आधी पाठ.