दुसरी वेलांटी

इमारत चौतीस, कन्नमवार नगर, विक्रोळी.
जिन्याखाली मीटरच्या पेट्या, त्यांच्या शेजारी फळा.
बेस्टमध्ये एकतीस वर्षं पाट्या रंगवल्या
म्हणून फळा माझ्याकडे.
पगार नाही. खडू सोसायटीचा.

एरवी काय असतं लिहायला?
टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा.
गच्चीत पापड घालणाऱ्यांनी कावळे स्वतः हाकलावेत.
त्या मार्चमध्ये फळा पुरेना.

सोमवारी लिहिलं, हस्तांदोलन टाळा.
मुणगेकर म्हणाले, इथे कोण कुणाशी करतं?
मंगळवारी, कठड्याला हात लावू नका.
चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं,
मग मी खाली पडू का?

कुणी म्हणे उकाडा वाढला की मरतो तो,
कुणी म्हणे दुबईत काय थंडी आहे?
खानोलकरांचा पक्या तिथूनच आला होता,
डाव्या हातावर शिक्का घेऊन, बाही खाली ओढून.
मी लांबून बघितला. शाई पसरलेली, ठसा तिरका.
घाईत मारला असणार.
नलावडेवहिनींनी कापूर-लवंगेच्या पुरचुंड्या वाटल्या,
प्रत्येक दाराच्या कडीला, हात न लावता, चिमट्याने.
बाबरांची कोंबडी दुकानात तशीच,
किलोला वीस रुपये, तरी गिऱ्हाईक नाही.
रात्री बाबर स्वतःच खात होते, रोज, तीन दिवस.

बुधवारी मीटिंग. स्कूटरी काढून जागा केली.
आयुष्यात पहिल्यांदा लांब लांब उभे राहून भांडलो,
त्यामुळे फार ओरडावं लागलं.

तरे सिस्टर कस्तुरबाला. तिसरा मजला, खोली अकरा.
तिथेच ते सगळे पेशंट नेतात, कुणीतरी म्हणालं.
तिच्यामुळे आपल्याला गोळ्या मिळतात, दुसरं कुणी.
ती जिना तोच चढते ना?
तिचा मुलगा आमच्या मुलाच्या बॅटीने खेळतो.
पण तुमच्या सासूबाईंना सुई कोणी टोचली, रात्री दोनला?
तेव्हा हे नव्हतं.
हे नव्हतं तेव्हा, हेच सगळे म्हणाले.
मीही मान हलवली. कुठल्या बाजूला, ते आठवत नाही.

सेक्रेटरी मला म्हणाले, नाव घालू नका. समजतं.
मी फळा पुसला, दोरी मारली,
वळणदार अक्षरात लिहिलं :
रुग्णालयात काम करणाऱ्या सभासदांनी
विलगिकरणाची सोय काही दिवस
अन्यत्र पाहावी. आदेशावरून.
रुग्णालयाच्या रु ला जरा शेपूट जास्त दिलं.
सवय आहे. दादरच्या द ला पण द्यायचो.

सकाळी साडेसातला ती आली.
तोंडाला कापड, नाकावर पट्टीचा वळ.
मी दुधाची पिशवी साबणाने धूत होतो, नळाशी,
तिला दिसलो नसेन.
तिने वाचलं. परत वाचलं, पहिल्या ओळीपासून.
मग कोपराने पुसली गि ची पहिली वेलांटी
आणि कट्ट्यावरचा खडू उचलून दुसरी काढली.
ग आणि क यांच्यामध्ये जागा नव्हती,
तरी बसवली.
पर्समधून बाटली काढून हात चोळले,
खडूही चोळला,
होता तिथे ठेवला
आणि कठड्याला न धरता वर गेली.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही
तरी दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.
खडूला कुणी हात लावेना. डस्टरलाही.
फळ्याजवळून जाताना श्वास धरायचे.
ती गेली नाही. कुणी जा म्हणालं नाही.
सूचना मात्र राहिली, चार दिवस,
पुसायलाच कुणी तयार नव्हतं.
मीही नव्हतो, ते लिहून ठेवतो.

पाचव्या दिवशी बादलीभर पाणी मारलं लांबून,
मग जवळ जाऊन फडका.
फळा वाळला. माझी अक्षरं गेली, शेपटासकट.
तिने खडू फार दाबला होता,
तिची वेलांटी पांढुरकी उरलीच,
कशाचीच नसलेली.

तिच्यावरूनच लिहिलं :
उद्या पाणी पाचला येईल.