विरजणाची वेळ

आधी रात्री अकराला घ्यायचे इन्सुलिन.
तीनला जाग यायची घामाने,
उशी ओली, जीभ जड, हात परक्याचे,
मीटरवर तीन पूर्णांक एक,
आणि दिवा न लावता
उभ्या उभ्या संत्र्याचा रस प्यायचे
चोरी केल्यासारखी.

मग सकाळ ठरली.
पण सकाळ माझी कधी होती?
हॉस्पिटलच्या लॉण्ड्रीत एक आठवडा सहाची पाळी,
एक आठवडा अकराची.
चादरींच्या वाफेत मध्येच शंका यायची:
घेतलं का आज?
मांडीला विचारावं तर मांडी मुकी,
चार मिलिमीटरची सुई खूण ठेवत नाही.
नसेल घेतलं तर साखर चढणार,
दोनदा घेतलं तर...
ते वाक्य मी पुरं करत नसे.

शोना मॅक्रे, आमची नर्स,
नखांत बागेतली माती,
तिनं माझा तक्ता बाजूला सारला.
म्हणाली, हे औषध संथ आहे, दिवसभर पुरतं,
त्याला फक्त रोज तीच वेळ हवी.
सांग, असं काय आहे
जे तू कधीच चुकवत नाहीस?

मी विचार करत बसले.
चहा? पाळीबरोबर सरकतो.
देवापुढं दिवा? महिन्यातून चारदा, खरं सांगायचं तर.
दिगंबरशी भांडण? त्याला ठरलेली वेळ नाही.
खिडकीबाहेर टे नदीच्या पुलावरून
गाडी डंडी सोडून चालली होती,
तिचे डबे मोजता मोजता
तोंडातून निघालं:
दही.

रात्री नऊ. कोमट दूध, करंगळी बुडवून बघायची,
चमचाभर कालचं त्यात.
बावीस वर्षं.
तापात लावलंय. आई गेल्याचा फोन आला
त्या रात्रीसुद्धा लावलंय, का ते माहीत नाही.
इथल्या गारठ्यात भांडं बंद ओव्हनमध्ये,
आतला नुसता दिवा लावून.

शोना हसली नाही.
तक्त्यावर लिहिलं: नऊ. दही.

तेव्हापासून इन्सुलिनचं पेन चमच्याशेजारी.
चकती चौदावर, कातडी चिमटीत,
दहापर्यंत मोजायचं, मनात, मराठीत,
मग विरजण.
पुढचं काम दोघांचं,
रात्रभर, न ढवळता.
सकाळी भांडं तिरकं करायचं.
लागलंय, म्हणजे घेतलंय.

जूनमध्ये नऊला भिंतीवर ऊन असतं,
शेजारचे मिस्टर लॉरी अजून हिरवळ कापत असतात.
डिसेंबरात नऊ म्हणजे अंधाराचा सहावा तास.
ऑक्टोबरात घड्याळ मागं घेतलं
तेव्हा शोनाला फोन केला: जुने नऊ की नवे?
म्हणाली, तुझ्या औषधाचं तासाभरानं बिघडत नाही.
दह्याचंही बिघडलं नाही.

मग तो गुरुवार.
सोफ्यावर डोळा लागला माझा, बूटांसकट.
दिगंबरनं बूट काढले, अंगावर पांघरूण घातलं,
आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा
विरजणही लावलं त्यानं,
मला उठवायला नको म्हणून.
सकाळी भांडं तिरकं केलं. घट्ट.
निर्धास्त कामावर गेले.
दहापर्यंत तोंडाला कोरड,
नळाला तोंड लावून पाणी प्यायले,
मीटरवर सतरा पूर्णांक दोन.

घरी येऊन त्याला समोर बसवलं.
म्हटलं, माझी काळजी असेल तर
या घरात दुधाला हात लावायचा नाही.
बिचाऱ्याचा चेहरा उतरला.
(दही माझ्यापेक्षा छान लागलं होतं.
हे त्याला अजून सांगितलेलं नाही.)
मग मी काय करू, म्हणाला.

हाक मार, म्हटलं.

आता रोज टीव्हीवरची नजर न काढता
तो ओरडतो: दूध निवलं गं!
कधी नऊला पाच कमी असतात,
दूध अजून पोळत असतं.
मी उठते.