चुकीची डॉर्कस

इथे पेन चालत नाही. फक्त शिसपेन्सिल,
आणि हात कोरडे हवेत.
मिसेस ट्रेन्चर्ड वही आणून ठेवतात
स्पंजच्या उशीवर, आजाऱ्याला टेकवावं तशी,
आणि पान मिटू नये म्हणून वर शिशाच्या मण्यांची माळ.

तीन वर्षं दर गुरुवारी येतोय मी
डॉर्कस हेल्यरसाठी.
आईची आई, तिची आई, असं मागे मागे जात
सहा बायका ओलांडून
मी तिच्यापर्यंत पोचलो होतो.
असं मला वाटत होतं.

बाप्तिस्मा १७३८, लिटल हॅडर. हेल्यर.
पुढे कुठे हेलिअर, कुठे हिलर,
एका कारकुनाने तर नुसतंच 'डार्कस, हातमोजेवाली'.
जिला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं
तिने तरी कुणाला हटकायचं?

१७५२ च्या सप्टेंबरात सरकारने अकरा दिवस गाळले.
दोन तारखेला झोपलेली माणसं चौदाला उठली.
ती तेव्हा चौदा वर्षांची.
मालकिणीने त्या अकरा दिवसांचे पैसे कापले का,
ते कुठे लिहिलेलं नाही.
कापले असणार.

मग १७५९. येओव्हिलच्या दोन न्यायाधीशांपुढे
एकवीस वर्षांची, पोटुशी.
बाप कोण? पलटणीतला ढोलवाला.
कुठे असतो? ठाऊक नाही.
खाली तिची खूण: फुली,
पण एक पाय लांब ओढलेला, टोकाला बारीक गाठ.
माझी आई हातमोजे शिवायची.
दोरा संपत आला की अगदी अशीच गाठ मारून
दाताने तोडायची.
मी त्या गाठीवर बोट ठेवलं.
मिसेस ट्रेन्चर्ड खाकरल्या.

मूल येओव्हिलात जन्मलं तर येओव्हिलच्या उरावर बसेल,
म्हणून तिला गाडीत घालून हद्दीपार सोडलं.
गाडीभाडं दोन शिलिंग, गाडीवानाला बिअर चार पेन्स.
त्याच रस्त्यावर तेवीस वर्षं मी बस चालवली.
तो चढ मला माहीत आहे,
आजच्या डांबरावरही तिथे पोटातलं पाणी हलतं.

गेल्या गुरुवारी गरिबांच्या खात्याची वही उघडली.
दाईला अडीच शिलिंग.
डॉर्कसला जोडे, तीन शिलिंग.
आणि खालच्याच ओळीत, त्याच शाईत,
'हेल्यरच्या मुलीसाठी लहान पेटी, एक शिलिंग दोन पेन्स.'
पुढची बारा वर्षं चाळली. दुसरं मूल नाही.
१७७१ ला ती स्वतः. 'भिकारी', आणि तारीख.

म्हणजे माझी डॉर्कस ती दुसरी,
दोन वर्षांनी त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेली,
पाणचक्कीवाल्याची बायको, सात पोरं,
दारालगत कोरीव दगड. जाऊन बघून आलो.
शेवाळ चढलंय, पण अक्षरं ठसठशीत.
तिचं सगळं बरं चाललं होतं.

बायको म्हणाली, झालं ना, सापडली एकदाची.
हो म्हणालो.

आज गुरुवार.
मिसेस ट्रेन्चर्डनी विचारलं, चक्कीवालीच ना आता?
मी चिठ्ठीवर जुनाच नंबर लिहिला.
चक्कीवालीचे आम्ही पाचपन्नास जण तरी असू पृथ्वीवर.
हिला शोधत यायला
कुणी जन्मलंच नाही.

पेन्सिल बोथट झालीय.
लहान पेटीतल्या मुलीचं नाव
अजून मिळायचं आहे.