उजेड शिरलेला रोल

ओडेसा प्रुइट दुकानात आली ती ओल्या बुटांनी.
काउंटरवर रुमालात गुंडाळलेला रोल ठेवला,
पंख मोडलेली चिमणी ठेवावी तसा.
"झुपान्चिच, यात उजेड शिरलाय."

एकोणीस वर्षं मी हिच्या फिल्म धुतोय.
दर आठवड्याला तोच पूल,
कायाहोगा नदीवरचा, मधला भाग उचलला जाणारा.
त्याच्या केबिनमध्ये तिचा एझ्रा तरफ ओढायचा
आणि घरी आला की बूट काढायच्या आधी सांगायचा,
आज अकरा वेळा. आज सोळा.
एझ्रा गेला. पूल अजून वर-खाली होतो.
आता मोजते ती.

परवा शेजारी गाडी थांबली, दोघे उतरले.
एक अगदी कोवळा, दाढी करताना मानेवर कापलेलं.
(हे तिनं सांगितलं. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.)
कशाचे फोटो?
पुलाचे.
कशाला?
आता याला एझ्रा कुठून सांगायचा!
"तो तिथं आहे म्हणून," ती म्हणाली.

पुलाच्या फोटोंना बंदी आहे, तो म्हणाला.
"फलक कुठाय?"
फलक नव्हता. वारा होता.
"मी फुटपाथवर उभी आहे, साहेब.
इथून माझ्या डोळ्यांना जे दिसतं
तेवढंच या काचेलाही दिसतं.
मला अटक केली आहे का?
नसेल, तर मी जाऊ?"
हात दिसतील असे, आवाज खाली.
तिच्या वस्तीत ही वाक्यं
पाढ्यांच्या आधी पाठ करून घेतात.

"फोटो डिलीट करा."
इथं ती हसली. तेवढं हसायला नको होतं, म्हणते.
"बाळा, यात डिलीट नसतं रे."

त्यानं कॅमेरा हातातून घेतला.
कळ कुठली, त्याला ठाऊक नव्हतं,
तरी अंगठ्याला सापडली.
मागचं दार उघडलं आणि नोव्हेंबरचा तो मळकट उजेड
तळघरात नदी शिरावी तसा
आत शिरला.

दुसरा, वयानं मोठा,
सगळा वेळ बुटांकडे बघत होता.

लोक म्हणतात, खरं काय ते उजेडात आणा.
माझ्या धंद्यात ही म्हण उलटी चालते.
इथं खरं आधी मिट्ट काळोखात न्यावं लागतं,
बोटांनी चाचपत रिळावर चढवावं लागतं,
औषधात बुडवून, घड्याळाकडे कान देऊन थांबावं लागतं.
घाईनं दार उघडलंत
तर हाती उरतो नुसता उजेड.

धुतली.
वरचे वेढे गेले, पार गेले.
पण फिल्म गुंडाळलेली असते, साहेब,
आतलं वरच्याच्या आडोशाला राहतं.
पहिल्या सात चौकटी वाचल्या,
कडेनं भाजलेल्या, भोकांच्या सावल्या दातांसारख्या उमटलेल्या.
सातवीत पूल अर्धा उचललेला
आणि अर्ध्यावर पांढरं काहीतरी येतंय.

"शेवटची गेली का?"
गेली, म्हटलं. काय होतं त्यात?
"तोच. गाडीतून उतरला ना,
तेव्हा मला 'गुड मॉर्निंग' म्हणाला होता. हसून.
मी पटकन टिपला.
चांगला आला असता गं पोरगा."
गं म्हणाली. मला नव्हे, स्वतःलाच.

मग तळहात पुढे केला.
बिल्ल्याचा नंबर तिनं पेनानं लिहिला होता,
घामानं मधले दोन आकडे फिसकटलेले.
तीन होता की आठ?
आम्ही दिव्याखाली धरून पाहिला,
भिंगातून पाहिला.
तक्रार करणार का, मी विचारलं.
ती म्हणाली, आधी वाच तर नीट.

मी वहीत दोन्ही लिहून ठेवलेत.
जाताना तिनं दोन रोल घेतले.
एकाचे पैसे मी घेत नव्हतो, त्यावरून भांडली,
चिल्लर मोजून काउंटरवर आपटली
आणि नदीच्या दिशेनं निघाली.
तीनची बोट चुकवायची नव्हती तिला.