एकदा जमलं की

जालन्याच्या एमआयडीसीत, आमच्या शेडमध्ये
रॅकवर काचेच्या धाग्याची एकशेचाळीस बंडलं.
पांढरी, मऊ. नवख्याला वाटावं गाद्या भरतात इथं.
हात लावला की रात्रभर खाज.

गौसभाई एकेक धागा फणीतून ओवतात,
रेझिनच्या टाकीत बुडवून
साच्याच्या तोंडाशी आणतात,
बुजऱ्या म्हशीला पाण्यावर न्यावं तसं, चुचकारत.
साचा दीडशे अंशांवर.
मागून ढकलायचं काहीच नाही.
पुढून दोन पकडी आळीपाळीने ओढतात
आणि आत गेलेलं चिकट, ओलं, बिनआकाराचं
खिडकीच्या चौकटीची बाजू होऊन बाहेर येतं,
मिनिटाला हात-दीड हात.
सहा मीटरला करवत.
मध्येच थांबलं तर साच्यात दगड. म्हणून
वीज गेली की आधी जनरेटर, मग देव.

आप्पांनी एकतीस वर्षं रोलिंग मिलमध्ये
लाल सळई चिमट्याने वळवली.
त्यांच्या लेखी हे प्लास्टिक.
"खिळा तरी बसतो का?"
"ड्रिल लागतं."
नुसते हसले.

मे महिन्यात मी एक नापास तुकडा घरी आणला.
अंगणात सळईशेजारी ठेवला, दुपारभर. पारा त्रेचाळीस.
आप्पांच्या तळव्यांना ऊन की गार, कधीचं कळत नाही.
त्यांनी सळई गालाला लावली,
शिवी हासडली.
मग तुकडा लावला.
लावूनच ठेवला.

मी सांगत होते:
तापल्यावर काच जेवढी फुगते, जवळपास तेवढंच हे फुगतं,
म्हणून दोघांत फट पडत नाही.
गंज नाही. वाळवी तोंड लावत नाही.
"अन् मोडलं तर? भट्टीत घालून पुन्हा?"

त्यांच्या मिलमध्ये सगळं परत यायचं.
सायकली, पलंग, कुणाची शिलाई मशीन,
आणि सळई होऊन गावभर निघून जायचं.

"नाही आप्पा. एकदा जमलं की जमलं. वितळत नाही."
"मंग जातं कुठं?"

शेडमागे ढीग आहे, वर निळी ताडपत्री.
ते मी बोलले नाही.

रात्री वारा सुटला. आमची खिडकी लोखंडी, आपटत राहते.
आप्पांनी तो तुकडा तिच्या फटीत खोचला.
सकाळी त्यांचा गाल लाल, मानेवर पुरळ.
"तुझी काच," म्हणाले,
आणि खाजवत खाजवत चहा मागितला.