संग्रहित दृश्य

अकरा वाजता डेस्कवरून कोलवणकरांचा फोन.
"भोईर, आज ठाण्यात काही नाही ना?"
काही नाही, म्हटलं.
आयुक्त रजेवर. जलवाहिनी शाबूत.
घोडबंदरला रोज उलटणारा टँकर
आज चारही चाकांवर गेला.
"मग काहीतरी करून पाठव. दीड मिनिट.
आवाज आम्ही देऊ."

दीड मिनिट म्हणजे बावीस शॉट,
चार-चार सेकंदांचे.
हे मला कुठल्या संस्थेत शिकवलं नाही,
असल्या दिवसांनीच शिकवलं.

तलावपाळीला नारळवाल्याची हातगाडी मागून घेतली.
शंभर रुपये, वर दोन शहाळ्यांचे वेगळे.
गाडीवर पोतं, पोत्यावर कॅमेरा, कॅमेऱ्याला माझा डोळा,
आणि तो ढकलतोय, जिभेचं टोक दातांत धरून.
"हळू. अजून हळू. वरात चाललीय समज."
"कोनाची?" त्याने विचारलं.
कठड्यावर पेंगणारे दोन पेन्शनर,
साखळीने बांधलेल्या रिकाम्या बोटी
सरकत गेल्या, गुळगुळीत,
जणू मोठं काही घडणार आहे.

उजेड कमी पडला तर कोळणीकडून थर्माकोलचं झाकण.
वास येतो, पण वास टीव्हीत दिसत नाही.
हवा थरथरती हवी असेल तर लेन्सखाली कापूर.
उन्हाळ्याच्या बातमीत रस्ता वितळतो ना,
त्यातला निम्मा
देवळाबाहेर पाच रुपयांना मिळतो.

जांभळी नाक्याला वैतीकाकांचं दुकान होतं.
दुकान कसलं, दोन शटरांमधली फट.
नऊ वर्षांपूर्वी, असाच बिनकामाचा मंगळवार,
मी त्यांचे हात घेतले.
चिमट्यात घड्याळाचं चाक, तिळाएवढं.
एक्केचाळीस सेकंद.
चेहरा नाही घेतला. हातच बरे वाटले.

ते हात मग कामाला लागले.
लघुउद्योगाला लागले, जीएसटीला लागले,
ज्येष्ठांच्या एकटेपणाला लागले,
एकदा मोतीबिंदूच्या शिबिराला
(का, ते कोलवणकरांना ठाऊक).
लॉकडाऊनमध्ये तर रोज:
सगळी दुकानं बंद असल्याच्या बातमीत
तेवढं एकच उघडं.

"माजं तोंड कवा दाखवशील रं?" काका विचारायचे.
"घरची म्हनते, हात काय, कोनाचंबी असतील."
पुढच्या रिकाम्या दिवशी नक्की, मी म्हणायचो.
मध्ये बरेच रिकामे दिवस आले.

काका माघात गेले.
तेराव्याच्या रात्री, साडेनऊच्या बातम्यांत,
"वेळेचं नियोजन कसं कराल" चालू होतं,
आणि काका चाक बसवत होते.
काकू हातातलं ताट घेऊन तशाच उभ्या.
कोपऱ्यात बारीक अक्षरांत: संग्रहित.

एक्केचाळीस सेकंद कधीच दाखवत नाहीत. चार.
चाक बसायच्या आत कट.
ते बसतं, चौतिसाव्या सेकंदाला बसतं,
काकांचा अंगठा किंचित मागे येतो.
हे फक्त मी पाहिलंय.
पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलंय काकूंसाठी,
दोन महिने खिशात आहे.
त्यांच्या टीव्हीला तो लागतो का,
विचारायचं राहतंय.

आज त्या फटीत तौसीफ बसतो,
मोबाइलच्या काचेवर काच चिकटवतो.
जुन्या बसपासाने बुडबुडा
कडेकडेला हाकत नेतो, बाहेर काढतो.
या वेळी आधी चेहरा घेतला.
त्याने केस सारखे केले, मान ताठ केली.
"कधी लागणार, सर?"
काय सांगू? म्हटलं,
कुठे काही झालं नाही, तर आजच.

फोन वाजला. कोलवणकर.
"मुंब्रा बायपासला कंटेनर आडवा झालाय. पळ.
ते दीड मिनिट राहू दे."

ट्रायपॉडचे पाय मिटले.
थर्माकोल परत करायला पोरगं धाडलं.
निघताना वळून पाहिलं तर
तौसीफ अजून
चेहरा तसाच धरून बसला होता.